काशिनाथ सुताराचा चिमटा

खंडेनवमीच्या सकाळी माझे वडील, तात्या, पडवीत हत्यारं पुसत बसले होते. पोतं अंथरलेलं, त्यावर रंधा, पटाश्या, करवत, वाकस, गिरमिट. रॉकेलच्या फडक्यानं एकेक पुसायचं, उन्हात धरून धार बघायची आणि पाटावर मांडायचं. वर्षातला हा एकच दिवस ते हत्याराला कामासाठी हात लावत नसत. सकाळीच कुणीतरी गोठ्याचं दार निखळलं म्हणून बोलवायला आलं होतं. त्याला त्यांनी गूळ-पाणी दिलं आणि सांगितलं, "उद्या."

मी उंबऱ्याला पाठ लावून अर्ज पक्का करत होते. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागून मला सहा वर्षं झाली होती. दसऱ्यासाठी चार दिवस गावी आले होते, आणि आल्या आल्या सरपंच धनाजीरावांनी कामाला लावलं होतं.

सगळ्यात शेवटी तात्यांनी बंदूक घेतली. आजोबांच्या वेळची, ठासणीची, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. नळीखाली सागवानी चिमटा, आणि चिमट्यात पाच सेलची बॅटरी. ती तशीच त्यांनी पाटावर हत्यारांशेजारी आडवी ठेवली.

"बॅटरी काढून ठेवायची का वेगळी?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. चिमटाबी माझ्याच हातचा हाय. एकदा पूजेत मांडलं की दसऱ्याच्या सकाळपातुर हलवायचं न्हाई."

चिमटा म्हणजे सागाचे दोन जबडे, आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर, आणि मध्ये हातानं आवळता येईल असा एक बोल्ट. दिसायला काहीच नाही. पण बोट फिरवलं तर कुठं कुसळ लागत नसे. भोगवाडीत तेव्हा एकोणीस परवाने होते आणि एकोणीसच्या एकोणीस नळ्यांखाली तात्यांचे चिमटे होते.

गाव जंगलाला चिकटलेलं. भात निसवलं की रानडुकरं उतरायची आणि सकाळी बघावं तर अर्धा एकर लोळवलेलं असायचं. बंदुकीचा उपयोग बहुतेक वेळा हवेत बार काढून त्यांना हुसकावण्यापुरताच. पण राखणीला जोडीनं जायची रीत होती. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या हातात बंदूक. बॅटरीवाल्यानं उजेड टाकायचा, "कोण?" म्हणून तीनदा विचारायचं, आणि जनावरच आहे अशी खात्री पटली तर "हां" म्हणायचं. तो "हां" म्हणेपर्यंत बंदूकवाल्याची नळी आभाळाकडं.

नववीत गेल्यापासून तात्यांची बॅटरी मी धरत असे. आई मी लहान असतानाच गेली होती. घरात आम्ही दोघंच. "बघायचं काम तुझं," ते म्हणायचे. "मी डोळं झाकून बसलोय असं समज." एकदा मी झोपेत चुकून "हां" म्हणाले होते. त्यांनी बार काढला नाही. नळी तशीच वर धरून म्हणाले, "पुन्हा बघ." बघितलं तर करवंदीच्या जाळीवर कुणीतरी वाळत घातलेलं घोंगडं होतं.

मी कॉलेजला कोल्हापूरला गेले आणि त्याच हंगामात त्यांनी हा चिमटा केला. दिवाळीला आले तेव्हा मला दाखवला. "आता माणूस लागत न्हाई," एवढंच बोलले. मला बरं वाटलं होतं. पुढं सगळ्या गावानं करून घेतला, कारण दुसरा माणूस कुणाच्याच घरात उरला नव्हता. पोरं इचलकरंजीला मागावर, नाहीतर पुण्याला, मुंबईला.

आता शेजारच्या तालुक्यात कुठंसा अपघात झाला होता आणि कचेरीतून परिपत्रक आलं होतं. बंदुकीच्या नळीवर किंवा नळीखाली बॅटरी, दिवा अथवा अन्य वस्तू बसवण्यास मनाई करण्याचं योजलं आहे; परवानाधारकांनी हरकती पंधरा दिवसांत कळवाव्यात. गावाची हरकत मी लिहीत होते. त्या दिवशी दुपारी भैरोबाच्या देवळात बंदुकांची पूजा होती. सगळे परवानेवाले तिथं जमणार, तिथंच ती वाचायची आणि सह्या घ्यायच्या, असं ठरलं होतं.

"झाला का अर्ज?" तात्यांनी विचारलं.

"झाला. ऐकता?"

मी वाचला. ते खाली मान घालून ऐकत होते. शेवटच्या परिच्छेदाला फडक्याचा हात थांबला.

"लई चांगलं लिव्हलंस," ते म्हणाले. मग फडकं बाजूला ठेवून, "पण बंदी बरोबर हाय, रत्ना."

मला वाटलं थट्टा करतायत. "तात्या, चिमटे तुमचे आहेत."

"म्हणून तर."

ते उठले. कोपऱ्यातली खराट्याची दांडी घेतली आणि बंदुकीसारखी खांद्याला लावली. "हे बघ. तिकडं बांधाला खसखस झाली. काय हाय ते मला बघायचंय. काय करीन?" दांडीचं टोक अंगणातून, तुळशीवरून, पायरीवरून वळत आलं आणि माझ्या छातीसमोर थांबलं. "बघितलंस? उजेड वळवायचा तर नळी वळवाय लागती. आधी नेम, मग बघणं. तुझ्या हातात बॅटरी हुती तवा असं नव्हतं."

मी हातानं दांडी बाजूला केली. "कधीपासून वाटतंय हे तुम्हाला?"

"गेल्या साली थोडक्यात चुकलं. आपलंच वासरू हुतं. दावं तोडून आलेलं."

"मग कुणाला बोलला का नाही?"

"मीच करून दिल्यात सगळ्यांस्नी. कुठल्या तोंडानं सांगू, सोडा म्हणून?" त्यांनी खराटा जागेवर ठेवला. "आज समदी येणार. अर्जाच्या शेवटी माझ्या नावानं चार ओळी घाल. मी सांगतो. तू वाच. चारचौघांत मला न्हाई बोलता येत, तुला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. लाकडाशी बोलत बसणारा माणूस. चार माणसं समोर आली की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. माझ्या सोयरिकीच्या बैठकीतही ते पाण्याचा तांब्या धरून बसून राहिले होते.

त्यांनी सांगितलं, मी दुसऱ्या पानाच्या तळाला त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. परत वाचून दाखवलं.

"एक शब्द ऱ्हायला," ते म्हणाले, आणि तो कुठं घालायचा ते सांगितलं. मी घातला.

देवळाच्या मंडपात घोंगड्यावर अठरा बंदुका मांडलेल्या. आमची तेवढी घरच्या पूजेत होती; बाकीच्या पूजा झाली की राखणीसाठी परत न्यायच्या. प्रत्येकीला झेंडूची माळ, दस्त्यावर कुंकू. बयाजीकाकांनी तर बॅटरीच्या काचेवरही कुंकवाचं बोट लावलं होतं. बयाजी रेडेकर म्हणजे तात्यांचे शाळेपासूनचे सोबती. आमचं आणि त्यांचं भात एका बांधाला.

"आरं, काचंवर कशाला?" गोंदा भादवणकर म्हणाला. "आता डुकराला सगळं लालभडक दिसंल."

"डुकराला न्हवं, मला दिसायचंय. आणि मला तसंबी धुरकटच दिसतंय," काका म्हणाले, आणि मंडप हसला.

धनाजीरावांनी परिपत्रक वाचून दाखवलं. वाचून संपायच्या आत सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हंजे डुकरानं आपापली बॅटरी घेऊन यायची आणि आम्ही बार काढायचा, असंच न्हवं?" गोंदा.

"एका हातात बॅटरी, एका हातात बंदूक, मग तंबाखू कुठल्या हातानं मळायची?" मागून कुणीतरी.

"चेष्टा ऱ्हाऊ द्या," धनाजीराव म्हणाले. "शेजारच्या तालुक्यात माणूस गेलाय. कचेरी तेच पुढं करणार. उत्तर काय द्यायचं?"

"त्यो पिऊन फिरत हुता दुसऱ्याच्या शेतातनं. त्यात बॅटरीचा काय गुन्हा?"

"गुन्हा न्हाई कसा? मारणाऱ्याला नीट दिसलं न्हाई म्हणूनच की."

"मग दिसाय बॅटरीच लागती न्हवं? ती काढली तर जास्त दिसणार हाय व्हय?"

बयाजीकाका उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"साहेबाला म्हणावं, एक डाव माझ्या राखणीच्या माळ्यावर येऊन बस. म्हातारीला मोतीबिंदू. पोरगा इचलकरंजीत. बॅटरी धराय कुणाला बोलवू, साहेबाच्या बायकोला?"

हशा झाला. देवळात आहोत याची आठवण होऊन तो अर्ध्यावर दबला. काका मात्र हसले नव्हते. ते तात्यांकडं वळले. तात्या खांबाला टेकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"काशी, तुझं काय म्हणणं? वस्तू तुझी हाय. तू बोल बाबा, तू म्हणशील तसं."

सगळ्यांच्या माना तिकडं गेल्या. तात्यांचे ओठ हलले. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"रत्नाच्या कागदात हाय."

मी उभी राहिले. मला वाचता चांगलं येत असे. कॉलेजात बक्षिसं मिळवली होती. पहिल्या पानावर नुकसानीची माहिती, किती क्षेत्र, किती भात. दुसऱ्या पानावर मी जरा मोकळी सुटले होते. जोडीनं राखण करायची रीत, ती का मोडली, कुणाच्या घरातून कोण कुठं गेलं. आणि शेवट असा:

"महोदय, बॅटरी धरणारा दुसरा माणूस आता आमच्या घरात उरलेला नाही. तो तुमच्या शहरात कामाला गेला आहे. तो परत द्या. त्या दिवशी आम्ही आपण होऊन चिमटे काढून ठेवू."

पारावरच्या झाडात साळुंक्या भांडत होत्या तेवढाच आवाज. बयाजीकाकांनी खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावला. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि एकाची दहा, दहाची सगळ्यांची झाली. भैरोबाच्या मंडपात आरतीखेरीज इतक्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

"एक नंबर, पोरी!" गोंदा ओरडला. "कलेक्टर रडतोय बघ आता!"

टाळ्या ओसरल्या. खाली तात्यांच्या चार ओळी होत्या.

"संपलं?" धनाजीरावांनी विचारलं.

मी तात्यांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते, मान किंचित पुढं काढून, एखादा सांधा बसतो की नाही हे बघताना काढत तशी.

"संपलं," मी म्हणाले.

सह्यांसाठी कागद पुढं गेला त्याआधी मी दुसऱ्या पानाचा तळ दुमडला, नखानं घडी दाबली आणि तेवढी पट्टी फाडून घेतली. कुणाचं लक्ष नव्हतं. एकेकानं सही केली, काहींनी अंगठा. तात्यांनीही केली. करून झाल्यावर कागद लगेच पुढं दिला नाही. फाडलेल्या कडेवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दिला.

घरी येताना तात्या ओढा ओलांडल्यावर म्हणाले, "माझं ऱ्हायलं."

"राहिलं नाही तात्या. तिथं टाळ्या पडत होत्या, त्यात ते नीट ऐकूही गेलं नसतं. तुमचं वेगळं पत्र करू. तुमच्या सहीनं. उद्या लिहिते."

"उद्या," ते म्हणाले. "बरं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दिवस कलायला लागला तसे ते शेताकडं निघाले. कुंपणाला डुकरांनी खिंडार पाडलं होतं, तिथं काटे लावायचे होते. कोयताही पूजेत होता. कापून ठेवलेली बोराटी तिथंच पडलीय, हातानं लावतो, म्हणाले. एक रिकामा डबा आणि वाजवायला काठी घेतली.

"बॅटरी तरी न्या."

"पूजेत हाय ती." त्यांनी आभाळाकडं बघितलं. "आणि अजून दिसतंय की. दिवेलागणीला येतोच माघारी."

मी दिवा लावला तेव्हा ते आले नव्हते. पाटावरच्या हत्यारांपुढं निरांजन ठेवलं, वात पुढं सारली. तेवढ्यात बार ऐकू आला. एकच. राखणीच्या दिवसांत बार ऐकून आमच्या गावात कुणी मान वर करत नाही. मीही केली नाही. हाताला तेल लागलं होतं, ते पुसायला फडकं शोधत राहिले.

अंगणात बयाजीकाका आले ते अनवाणी. हातात बंदूक नव्हती. तुळशीपाशी आले आणि मटकन बसले.

"काका?"

"काशी खालच्या अंगाला वाकल्याला," ते म्हणाले. "मला काय ठावं... त्याच्याकडं उजेडच नव्हता गं. भात हाललं. मी बघाय वळवली. नुसती बघाय वळवली, पोरी..."

त्यांचे हात खांद्यापाशी बंदूक धरल्यासारखे उचलले गेले, आणि सकाळी खराटा वळला होता तसे, डावीकडून उजवीकडं, आपोआप वळले.

गाव बांधाकडं धावलं. मीही गेले. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं पडवीत बसून माझा जबाब घेतला. सभ्य माणूस होता. पूजेतली बंदूक अजून तशीच पाटावर होती, झेंडू सुकलेला. चिमट्याकडं बोट करून त्यानं विचारलं, "याचा धोका तुमच्या वडिलांना कधी वाटला होता का? कुणाला तसं बोलले होते?"

पट्टी माझ्या पर्समध्ये होती.

"नाही," मी म्हणाले.

बयाजीकाकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. परवाना कायमचा गेला. त्या वर्षीच बंदी लागू झाली आणि सगळ्यांनी आपापले चिमटे पोलीस पाटलाच्या दारात आणून टाकले. अर्ज कुणी पाठवलाच नाही. तो धनाजीरावांच्या कपाटात राहिला. गावात मात्र एक बोलणं राहिलं. तोंडावर कुणी बोलत नसे, पण लग्नात, बारशाला, पंगतीत माझ्या मागून ऐकू येई. काशिनाथचा हात सोन्याचा होता, पण आपण काय करून ठेवलंय ते त्याला कळलं नाही. कळलं असतं तर स्वतः मेला नसता आणि बयाजीलाही घालवलं नसतं.

मी ऐकायचे आणि ताटातलं संपवायचे.

माझं बरंच आयुष्य पुस्तकांत गेलं. दुसऱ्यांनी लिहिलेली अपराधाची आणि कबुलीची पुष्कळ पानं मी वाचली, मुलांना काढून दिली, परत आली की कपाटात लावली. त्यातलं एकही पान मला खरं सांगायला भोगवाडीच्या एसटीत बसवू शकलं नाही. सणाला यायचे, घर झाडायचे, परत जायचे. बयाजीकाका वाटेत दिसले तर ते बाजूला होऊन मला वाट देत. सव्वीस वर्षं त्या म्हाताऱ्या माणसानं मला वाट दिली.

गेल्या वर्षी धनाजीरावांचा मुलगा विश्वजीत याचा फोन आला. आता तो सरपंच आहे.

"आत्या, नवीन परिपत्रक आलंय. नळीवर लाइट, लेझर, दुर्बीण, काहीच लावायचं नाही म्हणतायत. लावलेलं सापडलं तर परवाना रद्द. अहो, आता चिनी एलईडी आल्यात, पोरं ऑनलाइन मागवतात, निम्म्या गावानं लावलेत. डुकरं तर पहिल्यापेक्षा चौपट. हरकत द्यायचीय."

"मग द्या की."

"दादांच्या कपाटात तुमचा जुना अर्ज सापडला. काय लिहिलंय, आत्या! तो दुसऱ्या माणसाचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. तारीख तेवढी बदलून तोच द्यावा म्हणतोय. तुम्ही येताय का रविवारी?"

"विश्वजीत, त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, आत्या. पण तेव्हाच्या बॅटऱ्या मिणमिणत्या होत्या. आताच्या लाइटात तसं होणार नाही. लख्ख दिसतं."

मी गेले.

मंडपाला आता स्लॅब आहे, घोंगड्याऐवजी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. चाळीसेक माणसं होती, बरीचशी मला अनोळखी. गोंदा भादवणकर पहिल्या रांगेत, कानाला यंत्र लावून. मला बघून हात जोडले. "आली आमची वकीलीण," तो शेजारच्याला मोठ्यांदा म्हणाला.

आणि मंडपाच्या बाहेर, शेवटच्या पायरीवर, चपला काढतात तिथं बयाजीकाका बसले होते. बंदूकवाल्यांच्या बैठकीला ते कधी येत नसत असं मला मागाहून कळलं. मी येणार म्हणून आले होते, की त्यांच्या आयुष्यात अजून एकदा हे सगळं वाचलं जाणार म्हणून, कोण जाणे.

वाद तोच झाला. शब्द नवे होते, बॅटरीऐवजी लाइट, साहेबाऐवजी पोर्टल. कुणीतरी विनोद केला, लोक हसले. मग विश्वजीतनं अर्ज वाचला. चांगलं वाचतो तो. जुनं परिपत्रक, जुनं नुकसान गाळून तो थेट दुसऱ्या पानावर आला. दुसरा माणूस आता आमच्या घरात उरलेला नाही. तो परत द्या.

टाळ्या तिथंच पडल्या, अगदी त्याच जागी.

विश्वजीतनं कागद उलटून बघितला, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आत्या, इथं खालचा भाग फाटलाय. एवढंच होतं ना? संपलं ना इथं?"

मी उभी राहिले. पर्समधून पट्टी काढली. घडीवर ती इतकी विरली होती की मला तळहातावर पसरून धरावी लागली. वाचायची गरज नव्हती, तरी धरली.

"संपलं नव्हतं," मी म्हणाले. "तुझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

कुणीतरी पंखा बंद केला. मी पायरीकडं वळले.

"बयाजीकाका, आत या."

"आता कशाला, पोरी?" ते म्हणाले. पण उठले. खांबाला धरून आत आले आणि तात्या बसले होते त्या खांबापाशी उभे राहिले.

"त्या दिवशी तुम्ही तात्यांना विचारलं होतं, तुझं काय म्हणणं. ते म्हणाले, रत्नाच्या कागदात आहे. होतं, काका. ते हे आहे."

माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. बक्षिसं मिळवणारा तो नव्हता.

"'मी काशिनाथ रामा सुतार. चिमटे मी केले, चूक माझी. उजेड वळवायला नळी वळवावी लागते, म्हणजे माणूस की जनावर हे बघायच्या आधीच नेम धरला जातो. ज्यांच्याकडं माझा चिमटा आहे त्यांनी आज घरी जाऊन बॅटरी सोडावी आणि हातात घ्यावी.' यातला 'आज' मी पहिल्यांदा लिहिला नव्हता. तो त्यांनी मागून घालायला लावला. टाळ्या पडत होत्या म्हणून मी हे वाचलं नाही, काका. वाचलं असतं तर तुम्ही काढली असती. मला माहीत आहे. काशीनं सांगितलं म्हणून तुम्ही त्याच दुपारी, घरी पोचायच्या आत, काढली असती."